अपग्रेडनंतर डेस्कटॉप कोरा दिसतोय? आधी हात थांबवा

“भाऊ, सारं गेलं! डेस्कटॉपवर काहीच नाही राहिलं.”

असा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: अपग्रेड झाल्यावर तुम्ही काय काय केलंत? अपग्रेडमध्ये जेवढं जातं, त्याहून जास्त त्यानंतरच्या तासाभरात घाबरून केलेल्या उद्योगांत जातं. मी नागपुरात महाल, इतवारी, सीताबर्डी भागातल्या दुकानांचे आणि ओळखीच्या काही घरांतले कॉम्प्युटर सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे विंडोज ११ वर जायची झुंबड उडाली आणि हा फोन नेहमीचाच झाला. नेहमीचा वॉलपेपर जाऊन कंपनीचा निळा आलेला, आयकॉन गायब, टास्कबारवर लावून ठेवलेले प्रोग्राम गायब, मराठी कीबोर्ड गायब.

मी पाहिलेल्या बहुतेक मशीनवर यातलं सगळं डिस्कवर जसंच्या तसं पडून होतं. विंडोज ते वाचायला दुसऱ्याच फोल्डरकडे जात होतं, एवढंच. म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. डिस्क क्लीनअप चालवू नका, कारण त्यात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करून ओके दाबलं की परतीची वाट बंद होते. त्या कोऱ्या डेस्कटॉपवर नवीन काम सेव्ह करू नका. आणि कुणी “फॉरमॅट मारून देतो, दहा मिनिटांचं काम आहे” म्हणालं, तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.

नेमकं काय झालंय, ते आधी ओळखा

अगदी साधी शक्यता आधी तपासा. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, ‘व्ह्यू’मध्ये जा आणि ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ला खूण आहे का ते पाहा. नसेल तर लावा. कधीकधी प्रश्न इथेच सुटतो.

सुटला नाही तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. रनची छोटी चौकट उघडेल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत ‘युजरप्रोफाइल’ हा जोडशब्द आणि लगेच पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. एक फोल्डर उघडेल. त्याचं नाव वरच्या पट्टीत नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्या नावावर अवलंबून आहे.

नाव ‘टेम्प’ असेल, तर तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात. प्रोफाइल म्हणजे विंडोजमधलं तुमचं घर, तुमच्या फाइली आणि सेटिंग असलेलं फोल्डर. नाव तुमचंच, पण मागे टिंब देऊन कॉम्प्युटरचं नाव किंवा तीन शून्यं लागलेली असतील, तर विंडोजने तुमच्यासाठी नवं घर बांधलंय आणि जुनं शेजारीच उभं आहे. नाव बरोबर असेल, तर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, किंवा विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर, या दोघांपैकी कुणाकडे तरी माल आहे.

नाव ‘टेम्प’ निघालं तर

हा प्रकार सगळ्यात घातक आणि नीट केला तर सगळ्यात पूर्ण बरा होणारा, म्हणून इथे जरा थांबतो.

इतवारीत लग्नपत्रिका करून देणारे एक काका आहेत. मे महिना, बाहेर ४५ अंश, दुकानात कूलर घरघरतोय. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी थकलेली होती, तिने पाच मिनिटंही तग धरला नाही. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, कोपऱ्यात एक सूचना चमकून गेली, डेस्कटॉप कोरा. लग्नसराईचे दिवस, गिऱ्हाईक समोर बसलेलं. काकांनी मनाशी म्हटलं, जुनं नंतर बघू. दिवसभरात तीन पत्रिका बसवल्या, डेस्कटॉपवर सेव्ह केल्या, रात्री मशीन बंद करून घरी गेले. सकाळी त्या तीन पत्रिकाही नव्हत्या.

त्या कोपऱ्यातल्या सूचनेत हेच लिहिलेलं असतं: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आलात, इथे केलेलं काम साइन आउट होताच पुसलं जाईल. इंग्रजीत असते, चार सेकंदांत निघून जाते, कुणी वाचत नाही.

असं होतं ते का? विंडोजमध्ये प्रत्येक माणसाच्या फोल्डरात एनटीयूजर डॉट डॅट नावाची लपवलेली फाइल असते. वॉलपेपर कुठला, आयकॉन कुठे ठेवलेत, टास्कबारवर काय लावलंय, कीबोर्ड कोणकोणते, अशा तुमच्या आवडीनिवडींची वही म्हणजे ही फाइल. तुम्ही साइन इन करता तेव्हा विंडोज ती उघडून वाचतं. ती बिघडलेली असली, किंवा त्याच क्षणी अँटीव्हायरससारख्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवली असली, तर विंडोजला ती उघडता येत नाही. मग कुलूप अडकलंय म्हणून पाहुण्याची ओसरीवर सोय करावी, तसं ते तुम्हाला टेम्पमध्ये बसवतं. घर आणि घरातलं सामान जागेवरच असतं.

पहिला उपाय: रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा सुरू करणं वेगळं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो. दोन-तीनदा करून पाहा. फाइल दुसऱ्या प्रोग्रामने नुसती धरून ठेवली असेल, तर एवढ्याने तुमचा डेस्कटॉप परत येतो.

नाही आला, तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे लिहून ठेवतं ती नोंदवही. पण त्याआधी सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये जाऊन तुमच्या खऱ्या नावाचं फोल्डर पूर्णच्या पूर्ण बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून आधी करून घ्या. ही पायरी वेळखाऊ आहे, तरी वगळू नका. पुढे हात चुकला तर तुमच्याकडे हीच एक प्रत असणार आहे.

आता रनच्या चौकटीत रेगएडिट टाइप करा. डावीकडच्या झाडात एचकी लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन आणि शेवटी प्रोफाइललिस्ट असं उतरत जा. प्रोफाइललिस्टवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने तिची एक प्रत काढून ठेवा. तिच्या आत एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्यांच्या नोंदी दिसतील. त्यातल्या दोन नोंदींचे आकडे शेवटपर्यंत सारखे असतील आणि एकीच्या शेवटी टिंब देऊन ‘बॅक’ हा तीन अक्षरी शेपटा, म्हणजे बी ए के, लागलेला असेल. एकेकीवर क्लिक करून उजवीकडे ‘प्रोफाइल इमेज पाथ’ वाचा. शेपटेवालीत तुमचं खरं फोल्डर असेल, बिनशेपटेवालीत टेम्प.

काम आहे ते या दोघींची नावं बदलायचं. बिनशेपटेवालीच्या नावापुढे टिंब देऊन ‘ओल्ड’ जोडा. मग शेपटेवालीचं बी ए के काढून टाका. क्रम उलटा केला तर जमणार नाही, एका नावाच्या दोन नोंदी रजिस्ट्री ठेवू देत नाही. आता जिचा शेपटा काढला तिच्या उजव्या बाजूला ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ या दोन किमती पाहा, दोन्ही शून्य करा. रेफकाउंट नसेलच तर नसू द्या. रेगएडिट बंद करा आणि रीस्टार्ट करा. कधी शेपटेवाली नोंद एकटीच सापडते, जोडीदारीण नसतेच. तेव्हा फक्त शेपटा काढायचा.

काकांच्या मशीनवर हे केलं आणि त्यांचा डेस्कटॉप आला. त्यांनी डावीकडून उजवीकडे लग्नाच्या तारखांप्रमाणे फोल्डर मांडले होते, मार्गशीर्षातले वर, वैशाखातले खाली. मांडणीसकट सगळं होतं. त्या दिवसाच्या तीन पत्रिका मात्र गेल्या त्या गेल्याच.

आणि तोच त्रास पुन्हा पुन्हा येत असेल तर

रजिस्ट्री दुरुस्त केली, चार दिवस चाललं, पुन्हा टेम्प. अशा वेळी पुन्हा शेपटा काढत बसण्यात अर्थ नाही, मूळ शोधायला हवं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘ॲप्लिकेशन’मध्ये जा आणि ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’च्या लाल-पिवळ्या नोंदी पाहा. १५११ म्हणजे तात्पुरत्या प्रोफाइलने आत घेतलं. १५१५ म्हणजे जुन्या प्रोफाइलची नोंद बाजूला ठेवली, शेपटा लागतो तो इथे. या दोन्ही नुसत्या परिणामांच्या बातम्या आहेत. कारणाकडे बोट दाखवते ती १५०८: सेटिंगची वही उघडताच आली नाही.

१५०८ वारंवार दिसत असेल, तर मला आधी डिस्कचाच संशय येतो. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून चेकडिस्क, म्हणजे सी एच के डी एस के, सी ड्राइव्हवर आर पर्यायासह चालवा. ते पुढच्या रीस्टार्टला तपासू का असं विचारेल, हो म्हणा. डिस्कमध्ये खराब जागा निघाल्या तर डिस्क बदलणं हाच इलाज. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते-येते, उष्णतेने बॅटऱ्या लवकर दमतात, आणि अपडेट लिहिलं जात असताना वीज गेली तर नेमकी हीच फाइल अर्धवट राहू शकते. मे महिन्यात भर दुपारी अपग्रेड लावू नका असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

डिस्क ठणठणीत असूनही फाइल उघडत नसेल, तर तीच बिघडली आहे. मग नवं खातं काढा आणि जुन्या फोल्डरातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स तिकडे न्या. एनटीयूजरने सुरू होणाऱ्या फाइली मात्र चुकूनही नेऊ नका, नाहीतर आजार नव्या घरातही जाईल.

नाव बरोबर, डेस्कटॉप मात्र रिकामा

इथे पहिला संशय वनड्राइव्हवर. त्यात बॅकअपला होकार दिला गेला, की डेस्कटॉप हे फोल्डरच वनड्राइव्हच्या पोटात जातं. पुढे साइन इन बदललं किंवा बॅकअप बंद झाला, की विंडोज पुन्हा जुन्या, आता रिकाम्या डेस्कटॉपकडे बघू लागतं. तुमच्या युजर फोल्डरात वनड्राइव्ह उघडा, त्यात डेस्कटॉप नावाचं दुसरं फोल्डर आहे का पाहा. सगळं तिथे सापडलं तर आपल्या जागी आणून ठेवा. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे. ती भरली की नव्या फाइली वर चढत नाहीत, तेव्हा त्याला पूर्ण बॅकअप समजून निर्धास्त राहू नका. आणि “हे डबल दिसतंय” म्हणून त्यातलं काही पुसू नका. पुसलंच असेल, तर वनड्राइव्हच्या ऑनलाइन रीसायकल बिनमध्ये घरगुती खात्याच्या फाइली ३० दिवस राहतात. आजच बघा.

विंडोज डॉट ओल्ड आणि दहा दिवस

पेन ड्राइव्हवरून किंवा डाउनलोड केलेल्या फाइलवरून अपग्रेड केलं असेल, तर मध्ये एक पान येतं: फाइली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवू, फक्त फाइली ठेवू, की काहीच नको? दुसरा पर्याय घेतला तर फोटो आणि कागदपत्रं राहतात, प्रोग्राम आणि सेटिंग जातात. बरेच जण सांगतात, “पहिला पर्याय दाबताच येत नव्हता, फिका दिसत होता.” याचं एक ठरलेलं कारण आहे, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो. मशीनवरचं विंडोज ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीचं आणि डाउनलोड केलेलं अमेरिकन इंग्रजीचं, किंवा उलट असलं, की सेटअप दोघांना एक भाषा मानत नाही आणि पहिला पर्याय बंद करतं. तेव्हा ‘नेक्स्ट’ न दाबता मागे फिरायचं आणि योग्य इंग्रजीची फाइल आणायची.

नेक्स्ट दाबून झालं असेल, तर सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर शोधा. अपग्रेडनंतर दहा दिवस ते राहतं, मग विंडोज स्वतःच पुसतं. या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’ने पूर्ण माघारी जाता येतं. मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातील, आणि अपग्रेडनंतर नवी खाती उघडली असतील तर ती आधी काढून टाकावी लागतील. दिवस संपत आलेत आणि वेळ हवा आहे, तर डिझम या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मूळची मुदत संपायच्या आत. सिस्टिम रीस्टोअरच्या भरवशावर राहू नका, अशा अपग्रेडमध्ये जुने रीस्टोअर पॉइंट उरत नाहीत.

माघारी न जाता विंडोज डॉट ओल्डमधून एकेक वस्तूही काढता येते. मनीषनगरच्या एका काकूंचं हेच काम होतं. कुणीतरी ओळखीच्या मुलाने अपग्रेड करून दिलं होतं. “बाकी काही नको रे बाबा, तो पडद्यावरचा फोटो तेवढा पाहून दे,” एवढंच त्यांचं म्हणणं. अंबाझरी तलावाच्या काठावर उभे असलेले काका, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. काका आता नाहीत. मूळ फोटो जुन्या मोबाइलमध्ये होता, तो मोबाइल कधीच गेला.

वॉलपेपर लावला की विंडोज त्या चित्राची स्वतःची एक प्रत करून ठेवतं. विंडोज डॉट ओल्डमध्ये युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स असं जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, ते दिसतं करून घ्या. थीम्समध्ये ‘ट्रान्सकोडेड वॉलपेपर’ नावाची फाइल असते. तिच्या नावामागे जेपीजीसारखी शेपटी नसते, आयकॉन कोऱ्या कागदाचा, त्यामुळे कुणी तिच्याकडे पाहत नाही. तिची कॉपी डेस्कटॉपवर आणा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन जेपीजी जोडा. मी एंटर दाबलं, क्षणभर कोरा कागद तसाच राहिला, मग त्याच्या जागी छोटं चित्र आलं: निळसर पाणी, पांढरा शर्ट. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मूळ फोटोइतका बारकावा त्या प्रतीत नसतो, पण त्यांच्याकडे आता तीच एक आहे. पेन ड्राइव्हवर दिली, छापूनही दिली.

बाकीच्या वस्तू कुठे सापडतात

पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे स्टिकी नोट्स: ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्सने सुरू होणारं फोल्डर, त्यात लोकल स्टेट. तिथली प्लम नावाची स्क्यूलाइट फाइल आणि तिच्यासारख्याच नावाच्या जोडीच्या दोन फाइली असतील तर त्याही, ॲप बंद ठेवून, नव्या ठिकाणी त्याच जागी टाका. सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाची कामं टाइप करणाऱ्या एका ताईंच्या सगळ्या प्रकरणांच्या तारखा या चिठ्ठ्यांवर होत्या. पुढची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

त्याच ताईंनी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये वर्षानुवर्षं मराठी आखूड रूपं भरली होती, दोन अक्षरं मारली की ‘प्रतिज्ञापत्र’ उमटायचं. ती यादी ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, ऑफिसमध्ये एमएसओ आणि पुढे भाषेचा क्रमांक अशा नावाच्या एसीएल फाइलीत असते. मराठीचा क्रमांक ११०२, अमेरिकन इंग्रजीचा १०३३. वर्ड बंद ठेवून कॉपी करा.

पत्रिकेतलं मराठी अचानक इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट गेला की ती उघडी पडतात. २०१८ च्या अखेरीपासूनच्या विंडोजमध्ये फाँटवर नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं तर तो फक्त तुमच्या प्रोफाइलमध्ये बसतो, म्हणून प्रोफाइल बदललं की फाँटही जातो. राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्या. जुने फाँट ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्समध्ये मिळतील.

मराठी कीबोर्ड सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेजमधून पुन्हा जोडा, विंडोज आणि स्पेसने बदलता येतो. आयकॉन आहेत पण जाडजूड होऊन विस्कटलेत, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसतोय का पाहा. दिसत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका, मगच आयकॉन मांडायला घ्या.

ब्राउझरमधले बुकमार्क जुन्या फोल्डरातून आणता येतात. साठवलेले पासवर्ड नुसत्या कॉपीने येत नाहीत, ते जुन्या खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. विंडोज १० च्या स्टार्ट मेन्यूतल्या हलत्या टाइल्स शोधत असाल, तर त्या ११ मध्ये आणल्याच गेल्या नाहीत. स्टार्ट मध्यावर आलाय तो टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ‘अलाइनमेंट’ डावीकडे केली की जागेवर जातो.

पुढच्या अपग्रेडच्या आधी युजर फोल्डर लपवलेल्या फाइलींसकट बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि अगदी नियमित आलेल्या अपडेटलाही ही सवय सोडू नका. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये काहींच्या फाइली पुसल्या गेल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वितरण थांबवावं लागलं होतं. ॲडमिनिस्ट्रेटर हक्काचं दुसरं खातं आजच काढून ठेवा, त्याचा पासवर्ड वहीत लिहा. इतवारीच्या पत्रिकावाल्या काकांनी तो दुकानातल्या गणपतीच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलाय, मी त्यांना तो घरच्या वहीत हलवायला सांगितलाय. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात बदलली.